हाशिमचा खुंटा

नारपोलीतल्या यंत्रमागांच्या कारखान्यात लूम बंद पडला की पहिली हाक हाशिमला जायची. हाशिम फिटर. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण कान असा तयार की दारात सायकल लावता लावताच तो सांगायचा, “तिसऱ्या रांगेतला दुसरा लूम. धोटा उशिरा सुटतोय.” आत चाळीस लूम एकदम खडखडत असायचे, शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागायचं, आणि ह्याला त्या गदारोळातला नेमका चुकार आवाज सापडायचा. नोकरी नूर मोहम्मदशेठकडे कायमची होती, पण शेठच्याच परवानगीने तो आणखी सात-आठ ठिकाणी जायचा. आज नारपोली, उद्या पूर्णा, परवा खारबाव. काळी, जड, दांड्याची सायकल आणि कॅरिअरला हत्यारांची पिशवी.

१९८६च्या डिसेंबरात खारबावहून परतताना सुताच्या गाठी भरलेला एक ट्रक वळणावर त्याच्या अंगावर आला. सायकल शेतात जाऊन पडली, तिला फारसं काही झालं नाही. हाशिमचा डावा पाय मात्र गुडघ्याच्या वर कापावा लागला. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

महिन्याभराने नूर मोहम्मदशेठ घरी आले. खाटेच्या कडेला बसले, हाशिमच्या बायकोने, जुबैदाने दिलेला चहा प्यायले, आणि म्हणाले, “काळजी करू नको. गेटवर तुला खुर्ची टाकतो. सावलीत बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव लिहायचं. पगार तोच.”

शेठ मनापासून बोलत होते, हे हाशिमला कळत होतं. तरी तो म्हणाला, “शेठ, गेटवर बसून मला दिवसभर लूम ऐकू येणार. कुठला आजारी हाय तेबी कळणार. आणि मी नावं लिहीत बसू?”

“मग काय करणार तू?”

“दोन महिने द्या. सायकलवरून आलो तर फिटर म्हणून घ्या. न्हाय आलो तर टाका खुर्ची.”

शेठ गेले तशी जुबैदा दारातून वळली. “सायकलवरून? चालता तरी येतंय का नीट?”

“चालायला दोन पाय लागतात,” हाशिम म्हणाला. “सायकलचं बघतो.”

मुंबईच्या हॉस्पिटलातून लाकडी पाय मिळाला होता. तो घालून उभं राहता यायचं, पण पायडल मारता यायचं नाही. हाशिमने तो ईदसाठी आणि लग्नकार्यासाठी ठेवून दिला. घराच्या ओट्यावर सायकल उलटी करून तो तिच्यापुढे बसला, आणि लूमकडे बघावं तसा तिच्याकडे बघू लागला.

पहिली अडचण पायडलची. उजव्या पायाने ते खाली दाबता यायचं, पण वर आणायला दुसरा पाय नव्हता. हाशिमने पायडलला चामड्याचा पट्टा मारून पाऊल त्यात अडकवलं. तरी चार फेऱ्यांत मांडी भरून यायची. मग एका सकाळी दात घासता घासता त्याला लूमचं जड चाक आठवलं. ते झोक राखतं, म्हणून तर लूम अडखळत नाही. त्याने डावं पायडल काढून टाकलं आणि तिथल्या क्रँकला भंगारातला लोखंडी ठोकळा आवळून बसवला. आता उजवा पाय वर यायच्या वेळी डावीकडचा ठोकळा आपल्या वजनाने खाली जायचा आणि पाय उचलून द्यायचा. दुसरी अडचण कुबड्यांची. त्या दांड्याला लावलेल्या दोन पट्ट्यांमध्ये, जुन्या ट्यूबच्या रबरात घट्ट बसल्या.

तिसरी अडचण मात्र सायकलची नव्हतीच. ती रस्त्याची होती.

एकदा सायकल चालू लागली की हाशिमला कोणाची गरज नव्हती. पण थांबलेली सायकल चालू कशी करायची? धडधाकट माणूस एक पाय जमिनीवर मारून झोक घेतो. हाशिमचा तोच पाय गेला होता. तो आठ वेळा पडला. नवव्यांदा जुबैदाने मागून सीट धरली, पदर खोचला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेलं. हाशिम सुटला, नाक्यापर्यंत गेला, वळला, आला, आणि ओट्याला हात टेकून थांबला. घामाने निथळत तो हसत होता.

जुबैदा हसली नाही. “सकाळी मी ढकलीन. पण पूर्ण्याहून परत येताना कोण ढकलणार?”

हाशिमचा हात अजून ओट्यावरच होता. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच हाताने ओट्याला जोरात मागे रेटलं. सायकल सुटली. जुबैदाने धरलं नव्हतं, कोणीच धरलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला सगळा रस्ता वेगळाच दिसू लागला. कुठे डाव्या हाताला धरायला काही आहे, एवढंच तो बघायचा. मोरीचा कठडा चालेल. चहावाल्याजवळचं कडुनिंबाचं झाड चालेल. देवळाची पायरी फार खाली. मशिदीच्या कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब बरोबर, पण त्याच्याखाली चिखल. जिथे काहीच नव्हतं, तिथे त्याने स्वतः करायचं ठरवलं. दीड इंची पाइप, सायकलवर बसल्यावर कोपराच्या उंचीला येईल एवढा, वरून वाकवून मूठ केलेला, खाली सिमेंटात गाडलेला. पहिला त्याने स्वतःच्या दारात गाडला, दुसरा शेठच्या कारखान्यासमोर.

ठरलेले दोन महिने संपायला चार दिवस असताना हाशिम कारखान्यापाशी आला. शेठ दारातच होते. हाशिमने डाव्या हाताने पाइप धरला, सायकल थांबवली, पट्ट्यातून पाऊल सोडवलं, कुबड्या काढल्या आणि उतरला. सगळं मिळून विडी पेटवण्याइतका वेळ.

“खुर्ची काढून ठेवा, शेठ,” तो म्हणाला. “आणि आतला पाचवा लूम बंद करायला सांगा. पट्टा तुटणार त्याचा.”

पुढच्या चार वर्षांत जिथे जिथे हाशिमचं काम होतं, त्या प्रत्येक कारखान्याच्या दारात असा पाइप उभा राहिला. लोक त्याला हाशिमचा खुंटा म्हणू लागले. मालकांची हरकत नव्हती. खुंटा असला की फिटर लवकर येतो, हे त्यांना कळलं होतं.

१९९१ साली हे विखुरलेले कारखाने उठून तंतुदीप औद्योगिक वसाहतीत गेले. सहा गल्ल्या, अठ्ठेचाळीस शेड, चोहोबाजूंनी भिंत आणि एकच मोठं फाटक. चेअरमन नूर मोहम्मदशेठ, मॅनेजर शरच्चंद्र प्रधान. प्रधानसाहेब नीटनेटके गृहस्थ. त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं असायची. वसाहतीतली त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे फाटकाशेजारचं नवं सायकल स्टँड. वर पत्रा, खाली पाणी तुंबू नये म्हणून दोन पायऱ्यांचा उंच ओटा, त्यावर चाक घालून ठेवायच्या अरुंद लोखंडी खाचा. आत शिरायला वळणाचं छोटं फाटक, माणूस तिरका होऊन, सायकल मागच्या चाकावर उभी करून जाईल एवढंच. त्यामुळे गुरं शिरत नव्हती आणि स्कूटर घुसत नव्हती. शिवाय एक नियमही होता. गल्ल्यांमध्ये टेम्पोंची ये-जा असल्याने सायकली आत न्यायच्या नाहीत, सगळ्यांनी स्टँडलाच लावायच्या.

पहिल्याच दिवशी हाशिम त्या फाटकापुढे थांबला. धरायला काही नव्हतं. उजवा पाय टेकून तो कसाबसा उतरला, तर पुढे पायऱ्या. दोन्ही काखांत कुबड्या असलेला माणूस सायकल पायऱ्यांवर चढवणार कशी? वॉचमन विठू धावत आला, त्याने सायकल उचलून आत नेली. हाशिमने त्याचे आभार मानले आणि हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवून तो कुबड्यांवर सहाव्या गल्लीकडे निघाला. तिथे पोचेपर्यंत काखा सोलवटल्या.

दुसऱ्या आठवड्यात विठूच त्याला म्हणाला, “हाशिमभाई, तुमच्यासारखीच आणखी एक सायकल हाय. वाकडी झालीय. बघता का जरा?”

ती सायकल वसाहतीच्या ऑफिसातल्या टायपिस्ट सुचेता कर्णिकची होती. तीनचाकी, हाताने फिरवायची. सुचेताला लहानपणी पोलिओ झाला होता, दोन्ही पायांत बळ नव्हतं. स्टँडच्या फाटकातून तीनचाकी जातच नव्हती, म्हणून ती ऑफिससमोर रस्त्याच्या कडेला उभी राहायची. आदल्या दिवशी मागे येणाऱ्या टेम्पोने तिचं चाक दाबलं होतं.

हाशिम जमिनीवर बसून तारा आवळू लागला. सुचेता ऑफिसच्या पायरीवर बसून बघत होती.

“विठू मला म्हणाला, ताई, मी उचलून आत ठेवतो,” ती म्हणाली. “मी विचारलं, आणि मग मी फाटकापासून ऑफिसपर्यंत कशी येऊ? हे त्याला सुचलंच नव्हतं. सायकल म्हणजेच माझे पाय आहेत, हाशिमभाई. पाय कोणी स्टँडला लावून येतं का?”

हाशिमने मान वर केली. ही बाई जे बोलली ते गेला आठवडाभर त्याच्या काखेत दुखत होतं.

“साहेबांना सांगितलं?”

“तीनदा. ते म्हणतात, विठू बरोबर असेल तरच सायकल आत आणायची, तसं त्याला सांगून ठेवलंय. साहेब वाईट नाहीयेत. त्यांना वाटतं, विठू दिला म्हणजे सगळं दिलं.”

“विठू जेवायला गेला तर?”

“तर मी वाट बघते,” सुचेता म्हणाली. “काल पाऊण तास बघितली.”

हाशिमने चाक फिरवून पाहिलं. सरळ झालं होतं. “मी मागत न्हाय कोणाकडे सहसा,” तो म्हणाला. “करून टाकतो. पण ह्या भिंतीच्या आत माझा खुंटा चालणार न्हाय. कागद लागणार.”

“कागद माझ्याकडे आहे,” सुचेता म्हणाली. “टाइपरायटरपण.”

तिने अर्ज टाइप केला. साधा, दीड पानाचा, दयेचा एक शब्द नसलेला. प्रधानसाहेबांनी तो वाचला, फाइलला लावला आणि म्हणाले की पुढच्या वर्षीच्या कामांत बघू. तो अर्ज पुढच्या वर्षापर्यंत तसाच राहिला असता. पण दिवाळीच्या आधी, मालाची घाई ऐन भरात असताना, सहाव्या गल्लीतल्या एका शेडमधले चोवीस लूम एकदम फिरवणारा मोठा दांडा अडकला. सगळी शेड एकदम गप्प. मालकाचा माणूस घरी धावत आला. हाशिम भाकरी टाकून उठला.

घरून वसाहतीच्या फाटकापर्यंत यायला त्याला आठ मिनिटं लागली. फाटकाशी विठू नव्हता. सायकल रस्त्यात टाकावी तर मागे टेम्पो उभे. एका हमालाने येऊन ती उचलली तोवर वेळ गेला. मग सहा गल्ल्या, कुबड्या, गळ्यात पिशवी. शेडमध्ये पोचला तेव्हा मालक येरझारा घालत होते आणि खुद्द नूर मोहम्मदशेठ येऊन उभे होते. हाशिमने दांड्याला कान लावला, हाताने एकदा फिरवायला सांगितलं, आणि म्हणाला, “बेअरिंग फुटलंय. तिकडच्या टोकाचं.” ते बदललं आणि लूम सुरू झाले.

“इतका उशीर?” मालक अजून रागातच होते. “तुझ्यासाठी चोवीस लूम बसून!”

हाशिमने हात पुसले. लूमच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, “घरून फाटकापर्यंत आठ मिनिटं. दुरुस्तीला अकरा. मधली चाळीस मिनिटं फाटकापासून इथपर्यंत यायला गेली. ती माझी न्हायत, शेठ. ती स्टँडची हायत.”

मालक नूर मोहम्मदशेठकडे बघू लागले. शेठनी घड्याळ पाहिलं.

त्या शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी, वसाहतीच्या कमिटीची बैठक बसली आणि हाशिम, सुचेता दोघांना बोलावणं आलं. प्रधानसाहेबांनी स्टँडचा नकाशा टेबलावर पसरला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्टँड नवं आहे, चांगलं आहे, दोनशे माणसं रोज वापरतात. दोघांसाठी फोडायचं का?

“अशी माणसं आहेत तरी किती?” कमिटीतल्या एकाने विचारलं.

“आज दोन,” हाशिम म्हणाला. “उद्याचं मशीनला विचारा.”

त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाच्या कारखान्यात कोणाचं बोट, कोणाचा हात गेलेला होता. हाशिमने ते मोजून दाखवलं नाही, गरजच नव्हती.

सुचेताने पर्समधून सुताचा एक लांब धागा काढला. त्याला जागोजाग गाठी मारल्या होत्या. “ही माझ्या सायकलची रुंदी,” तिने पहिली गाठ दाखवली. “ही फाटकाची. माझी सायकल एक वीत जास्त आहे. साहेब, स्टँड फोडायचं नाहीये. फाटक एक हात सरकवायचं, पायऱ्यांशेजारी एक उतार घालायचा, पहिल्या दोन खाचा काढून तिथे मोकळी जागा ठेवायची आणि हाशिमभाईंचा खुंटा बसवायचा. आणि गल्ल्यांमध्ये डाव्या बाजूला पांढरा पट्टा मारायचा. त्या पट्ट्यावरून आम्ही जाऊ, टेम्पोवाल्यांनी तो सोडून चालवायचं.”

“नियम सगळ्यांना सारखा हवा, सुचेताबाई,” प्रधानसाहेब म्हणाले.

“सारखाच हवा,” ती म्हणाली. “सगळ्यांना आपल्या पायांनी कामावर जाता आलं पाहिजे. एवढाच नियम करा.”

नूर मोहम्मदशेठ खळखळून हसले. “प्रधान, लिहून घ्या. आणि हाशिमला विचारून करा. मी एकदा न विचारता खुर्ची टाकायला निघालो होतो.”

काम आठ दिवसांत झालं, आणि चुकीचं झालं. प्रधानसाहेबांनी जागा वाचवली होती. दोन पायऱ्यांची उंची चार फुटांत उतरवली होती. सिमेंट वाळलं तेव्हा त्यांनी दोघांना बोलावलं, विठूने हार घातलेला नारळ आणला. सुचेताने दोन्ही हातांनी जोर लावला. तीनचाकी अर्ध्यावर गेली, थबकली, आणि मागे घसरू लागली. हाशिमने कुबडी चाकात घातली म्हणून ती थांबली.

सुचेता हसत म्हणाली, “साहेब, हा उतार नाही. ही घसरगुंडी आहे.”

प्रधानसाहेबांचा चेहरा पडला. “मग किती हवा?”

“चौदा फूट,” हाशिम म्हणाला.

“चौदा फूट! रस्त्यात जाईल तो.”

“सरळ कशाला काढताय? भिंतीलगत न्या. तिथे नुसता कचरा पडतो.”

प्रधानसाहेबांनी पेन काढलं, नकाशाच्या मागे रेघ ओढली, ती परत पाहिली. मग कोट काढून विठूकडे दिला आणि स्वतः टेप धरून भिंतीशी वाकले. त्या दिवसापासून हाशिमचं त्यांच्याशी चांगलं जमलं. चुकलेला उतार फोडताना ते जातीने उभे होते. नवा झाल्यावर त्यांनी सुचेताला दोनदा चढायला-उतरायला लावलं आणि मगच कमिटीला कळवलं. खुंटा हाशिमने स्वतः बसवला. एक नाही, तीन. एक स्टँडला, एक तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी, एक सहाव्या.

उतार झाला तसे बाकीचे लोकही त्यावरूनच सायकली चढवू लागले. कॅन लटकवलेले दूधवाले, गुडघे दुखणारे म्हातारे विणकर, सगळेच. पायऱ्या ओस पडल्या. हाशिमला त्याचं काही वाटलं नाही. रस्ता बरा असला की माणूस त्यावरून जाणारच.

पण खरी गोष्ट पुढच्या उन्हाळ्यात झाली. पूर्ण्याची चंद्रा धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायच्या कामाला वसाहतीत लागली होती. तिचा एक पाय जन्मापासून आखूड. भाऊ रोज सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिला आणायचा आणि शिफ्ट सुटायच्या वेळी न्यायला यायचा. तो उशिरा आला की ही फाटकाशी उभी. एकदा हाशिम खुंट्याला धरून सायकलवर बसत होता, तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली.

“काका, मला जमंल का?”

“पाय किती आखूड हाय?”

तिने दाखवला. हाशिमने वितीने मोजला. “तुझं सोपं हाय,” तो म्हणाला. “एका पायडलवर लाकडाचा ठोकळा. बाकी तुला दोन पाय हायत, मजा हाय तुझी.”

चार शुक्रवार तो आणि सुचेता वसाहतीच्या रिकाम्या गल्लीत तिच्यामागे होते. हाशिम सायकलवरून शेजारी, सुचेता तीनचाकीतून पुढे, ओरडत, “खाली बघू नकोस! माझ्याकडे बघ!” चंद्रा पडली, उठली, खुंटा धरून पुन्हा बसली. त्यानंतरच्या सोमवारी ती पूर्ण्याहून स्वतःच सायकल चालवत आली. भाऊ मागे धापा टाकत दुसऱ्या सायकलवर होता, तिला गाठायला धडपडत.

ती उतारावरून वर आली आणि थांबली. मोकळ्या जागेत, खुंट्याला टेकून, कोणीतरी दुधाचे कॅन लावलेली सायकल ठेवली होती.

हाशिम स्टँडबाहेरून बघत होता. विठू ती सायकल हलवायला निघाला, तसा हाशिमने त्याला हाताने थांबवलं.

चंद्राने सीटवर बसूनच स्टँडभर नजर फिरवली. “कोणाची हाय ही?” तिचा आवाज पत्र्याखाली घुमला. “काढा. माझी जागा हाय ती.”

खांबाआड विडी ओढत उभा असलेला दूधवाला विडी विझवून लगबगीने पुढे आला.